पाटात पाणी, सरीला दार: स्किझोफ्रेनियातलं मेंदूचं रसायन घरच्यांना कसं समजावून सांगावं

कोल्हापूरच्या सीपीआरच्या, म्हणजे आपल्या थोरल्या सरकारी दवाखान्याच्या मनोविकार ओपीडीतून घरी परतताना स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास आणि संशयाच्या आजाराच्या, रुग्णाच्या घरच्यांच्या हाती बहुधा केसपेपर असतो, गोळ्यांची पिशवी असते आणि कानात एक वाक्य असतं: ‘मेंदूतलं केमिकल बिघडलंय.’ वाक्य खोटं नाही, पण तेवढ्यावर घर चालत नाही. केमिकल बिघडलंय तर रक्तात का दिसत नाही? बरं वाटतंय तर गोळी कशाला खायची? कानात येणारे आवाज थांबले, मग पोरगा दिवसभर भिंतीकडं बघत का बसतो? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच रसायनात आहेत, फक्त ती नीट उलगडून सांगावी लागतात. हे टिपण आशाताईंसाठी, समुपदेशकांसाठी आणि घरातल्या त्या एका जाणत्या माणसासाठी आहे, ज्याला बाकीच्या सगळ्यांना समजवावं लागतं.

बसायचं कधी, कुणाबरोबर

झटका जोरात असताना समजवायला बसू नका. रात्रीची झोप परत लागायला लागली, जेवण सुरळीत झालं की बसा. साधारण २०-२५ मिनिटं पुरतात. त्यापेक्षा लांबलं की डोक्यात काही राहत नाही. रुग्ण निवांत असेल तर त्यालाही बरोबर घ्या. ज्याला आधीच ‘माझ्याबद्दल सगळे बोलतात’ असं वाटतंय, त्याच्या पाठीमागं माजघरात कुजबुजणं हा त्याच्या संशयाला दिलेला पुरावा ठरतो. कोरा कागद, पेन आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या समोर ठेवा.

सुरुवात सांगण्यानं करू नका, विचारण्यानं करा: “तुम्हाला काय वाटतं, हे कशानं झालं असंल?” कुणी म्हणेल भावकीतल्यानं करणी केली, कुणी म्हणेल अभ्यासाचा ताण, कुणी सुनेच्या पायगुणावर जाईल, आणि आई बहुधा खाली मान घालून म्हणेल, “माझंच काहीतरी चुकलं.” सगळं ऐकून घ्या. देवऋषाकडं जाऊन आलेल्या घराला हसलात तर पुढचं एक अक्षर ते ऐकणार नाहीत. जोतिबाला, नृसिंहवाडीला जायला, अंगारा लावायला कुणाची हरकत नाही. गोळी चुकली नाही पाहिजे, एवढंच सांगा. मात्र मारहाण, उपाशी ठेवणं, मिरचीची धुरी, साखळीनं बांधणं याला ठाम नाही म्हणा. मानसिक रुग्णाला साखळदंडानं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं बंदी आहे आणि अघोरी उपचारांवर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. आईला लगेच सांगा की संगोपनानं हा आजार होत नाही. एकेकाळी युरोप-अमेरिकेतले डॉक्टरही आईला दोष देत होते, आणि ते चुकीचं निघालं.

चित्र काढा

कागदावर दोन पेशी काढा, मध्ये बारीक फट ठेवा. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. एक पेशी फटीत रसायन सोडते आणि पलीकडची पेशी ते झेलते. या आजारात जे रसायन सगळ्यात जास्त चर्चेत असतं त्याचं नाव डोपामिन. झेलणाऱ्या जागेला रिसेप्टर म्हणतात.

आता उसाच्या रानात या. पाटातून पाणी येतं, प्रत्येक सरीच्या तोंडाला दार असतं. दार मोडलं की सरीत पाणी शिरतं, खोऱ्यानं माती ओढून दार बांधलं की थांबतं. डोपामिन हे पाटातलं पाणी आणि रिसेप्टर हे सरीचं दार. आजारात मेंदूच्या खोलवरच्या एका भागात, स्ट्रायटममध्ये, पाटाला गरजेपेक्षा जास्त पाणी सुटतं. गोळी काय करते? ती पाटाचं पाणी कमी करत नाही. ती सरीची दारं बांधते. हे वाक्य दोनदा सांगा, कागदावर लिहून द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. वर पाणी तेवढंच सुटलेलं आहे, फक्त पिकात शिरत नाही. दारांवरची माती काढली की परत शिरणार.

रात्रपाळीच्या लाईटीला दारं धरायला गेलेल्या माणसाला हे एका मिनिटात कळतं. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्या घराला पाटाऐवजी खडखडाटाचं उदाहरण द्या. चालू मागांच्या आवाजात कुणीतरी आपलं नाव घेतल्यासारखं कधीतरी प्रत्येकालाच वाटतं. आपण मान वळवतो, कुणी नसतं, सोडून देतो. या आजारात ते सोडून देणं जमत नाही.

डोपामिनचं नेमकं काम

इथं थोडं थांबा, घाई करू नका. घरच्यांचं वागणं याच भागानं बदलतं.

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं मोबाईलवर सगळीकडं वाचायला मिळतं. ते अर्धवट आहे. ‘हे महत्त्वाचं आहे, इकडं लक्ष दे’ असा शिक्का मारणं हे त्याचं मोठं काम. महाद्वार रोडवरनं संध्याकाळी चालत निघालेला माणूस डोळ्यासमोर आणा. रिक्षाचा हॉर्न वाजतो, पानपट्टीवरचे दोघं सहज वर बघतात, लाल साडीतली बाई रस्ता ओलांडते, बँकेच्या फलकावरची अक्षरं लुकलुकतात. आपला मेंदू यातलं जवळजवळ सगळं केराच्या टोपलीत टाकतो. डोपामिन अवेळी, नको तिथं सुटलं की यातल्या प्रत्येक गोष्टीवर शिक्का पडतो. हॉर्न माझ्यासाठीच वाजला. ते दोघं मलाच बघत होते. लाल रंग म्हणजे खूण. एवढ्या खुणा एकदम मिळाल्यावर मन कारण शोधतं, आणि जे कारण हाती लागतं तो भ्रम होतो: पोलिस मागावर आहेत, शेजारी जेवणात काही घालतात, टीव्हीतला माणूस माझ्याशी बोलतो.

म्हणून वाद घालून भ्रम जात नाही. शिक्का आधी पडलाय, विचार नंतर आलाय. तुम्ही विचार खोडून काढता, शिक्का तसाच राहतो. ‘असं काही नाही, उगा काहीतरी बोलू नकोस’ याऐवजी “तुला भीती वाटत असंल, मी हितंच हाय” असं म्हणायला घरच्यांना शिकवा. हो ला हो करायचं नाही, खोडायचंही नाही.

गोळीला वेळ का लागतो, हेही यातून कळतं. पहिल्या गोळीनंतर काही तासांतच दारं बांधली जातात. पण त्यानं नवे शिक्के पडायचे थांबतात; आधी पडलेल्या शिक्क्यांवर रचलेली गोष्ट हळूहळू विरते. झोप आणि चिडचिड पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत सुधारते, संशय आणि आवाज ओसरायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. ‘आठ दिवस झाले, काही उपयोग नाही’ म्हणून डॉक्टर बदलणं ही नेहमीची चूक.

हे कळलं कसं

कुणी शिकलेलं पोर विचारेलच. क्लोरप्रोमाझिन हे औषध १९५२ मध्ये पॅरिसमध्ये मनोरुग्णांना देऊन पाहिलं आणि फरक पडला, पण तेव्हा कारण माहीत नव्हतं. १९६३ मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन आणि मार्गिट लिंडक्विस्ट यांनी औषधाचा धागा डोपामिनच्या दारांशी जोडला. १९७० च्या दशकात दिसलं की जे औषध डी-२ नावाचं दार जितकं घट्ट धरतं, तितका त्याचा डोस कमी लागतो. उलट बाजूनंही पुरावा आहे. ॲम्फेटामिनसारख्या, डोपामिन वाढवणाऱ्या नशेनं आजार नसलेल्या माणसालाही असाच संशय येतो, आवाज येतात. पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी पडतं. ते भरून काढायला दिलेल्या औषधानं कधीकधी भास होतात, आणि स्किझोफ्रेनियाच्या औषधानं कधीकधी पार्किन्सनसारखा कंप सुटतो. पुढं पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूतली रसायनं दाखवणाऱ्या तपासणीत, जिवंत मेंदूतच दिसलं की रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये डोपामिन जास्त तयार होतं आणि जास्त सुटतं.

उदाहरण कुठं तुटतं, तेही सांगा

‘शुगरसारखं आहे, आयुष्यभर गोळी घ्या’ ही तुलना फार वापरली जाते. औषधाची शिस्त समजवायला ती ठीक आहे, पण शुगर रक्तात मोजता येते, हे मोजता येत नाही. मेंदूतल्या एका कोपऱ्यातल्या फटींमधलं पाणी बोटातून घेतलेल्या रक्तात कसं सापडेल? डॉक्टर थायरॉइड, बी-१२, शुगर तपासतात ते दुसरा आजार नाही ना हे पाहायला आणि औषधाचे परिणाम सांभाळायला. एमआरआयचंही तसंच: गाठ किंवा मेंदूची इजा नाही हे त्यातून कळतं, स्किझोफ्रेनिया दिसत नाही. पेट स्कॅनचे निष्कर्ष संशोधनातल्या गटांच्या सरासरीचे आहेत, एका माणसाचं निदान त्यावर होत नाही. ‘केमिकलची टेस्ट’ करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

सगळा दोष डोपामिनवरही ढकलू नका. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे रुग्ण साधारण तीन-चारात एक असतात, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत डोपामिन वाढलेलं दिसत नाही. तिथं ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाकडं बोट जातं, कारण ते अडवणाऱ्या केटामिननं भास तर होतातच, शिवाय मन थंड पडल्यासारखंही होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे औषध तर डोपामिनच्या दारांना हात न लावता मस्कारिनिक नावाच्या वेगळ्या दारांवर चालतं.

आणि पाटाला जास्त पाणी मुळात का सुटलं? आनुवंशिकता मोठी, पण एकटी नाही. शंभरात साधारण एकाला आयुष्यात हा आजार होतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला शंभरात दहाच्या आसपास. लग्नाच्या बोलणीत हा आकडा लागतो, म्हणून उलटा करूनही सांगा: नव्वदांना होत नाही. एकाला असलेल्या जुळ्या, हुबेहूब भावंडांतसुद्धा निम्म्याहून अधिक वेळा दुसरा सुटतो. जन्माच्या वेळची गुंतागुंत, कोवळ्या वयात गांजा, सततचा ताण यांची भर पडते. ‘लग्न लावून दिलं की सुधारेल’ हा उपाय आजारी माणसावर ताणच टाकतो आणि दुसऱ्या घरच्या मुलीला न सांगता त्यात ओढतो. करू नका.

किती दारं बांधायची

डी-२ ची साधारण ६५ ते ८० टक्के दारं बांधली गेली की बहुतेकांना गुण येतो. त्याखाली परिणाम तोकडा पडतो, ८० च्या वर अंग जखडायला लागतं. कारण डोपामिनचा पाट एकच नाही. हालचालीला एक जातो, दुधाचं हार्मोन आवरायला एक जातो, कपाळामागच्या, नियोजन आणि उमेद सांभाळणाऱ्या भागाला एक जातो. गोळी पाट बघून दारं बांधत नाही, सगळीकडंच बांधते. म्हणून ‘जास्त डोस म्हणजे लवकर बरं’ हा हिशोब चुकतो.

यातून घरी काय दिसतं ते आधीच सांगून ठेवा. तरण्या पोराला नवीन गोळी किंवा इंजेक्शन सुरू झाल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत अचानक मान एका बाजूला पिळते, डोळे वर चढून तिथंच अडकतात, जीभ जड होते. रात्री अकराला हे दिसलं की घरचे लिंबू-मिरची शोधायला पळतात, कारण दिसतं ते हुबेहूब अंगात आल्यासारखं. हा स्नायूंचा पेटका आहे, डिस्टोनिया. दवाखान्यात प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिल्यावर बहुधा अर्ध्या तासात उतरतो. घास किंवा पाणी तोंडात घालू नका, थेट दवाखाना गाठा.

दुसरं, अकॅथिसिया. माणूस एका जागी बसू शकत नाही, सोप्यात येरझाऱ्या, पाय सारखे हलतात, आतून तगमग. घरच्यांना वाटतं आजार वाढला. तसंच डॉक्टरांना सांगितलं तर डोस वाढतो आणि तगमग आणखी वाढते. म्हणून शब्द नेमके वापरायला शिकवा: ‘चिडतोय’ म्हणू नका, “बसवत नाही, गोळी वाढवल्यापासून” असं तारखेसह सांगा. डोस कमी करून किंवा प्रोप्रॅनोलॉलनं हे सुधारतं. कंप, चेहरा मख्ख, लाळ, चालताना हात न हलणं यासाठी ट्रायहेक्सीफेनिडिल देतात. ती गोळी आजाराची नाही, जखडण्याची आहे. बाईची पाळी थांबली किंवा छातीतून दूध आलं तर ते प्रोलॅक्टिन, म्हणजे दुधाचं हार्मोन, वाढल्यानं. लाजेपायी हे कुणी सांगत नाही, म्हणून तुम्हीच विचारा. काही वर्षांनंतर ओठ-जीभ आपोआप चाळवायला लागली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम आणि बडबड असं एकत्र दिसलं तर १०८ बोलवा. हे दुर्मीळ आहे, पण जीवावर बेततं. पुढची गोळी देऊ नका, पट्ट्या बरोबर न्या.

वजन आणि शुगर वाढणं हे डोपामिनच्या दारांचं काम नाही. ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारखी औषधं हिस्टामिन आणि सेरोटोनिनचीही दारं धरतात, त्यानं भूक सुटते. दर महिन्याला वजन, सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी उपाशीपोटी शुगर, नंतर वर्षातून एकदा.

बिडी-सिगारेटबद्दल जरूर विचारा. धुरातले घटक यकृतातलं एक एन्झाइम वाढवतात आणि क्लोझापिन, ओलान्झापिन लवकर जाळून टाकतात. वॉर्डात बिडी बंद, औषध पुरेसं. घरी आल्यावर बिडी सुरू, तोच डोस अपुरा. उलट, घरी अचानक बिडी सोडली तर औषध अंगात साठून गुंगी, लाळ वाढते, फिटही येऊ शकते. बिडी सोडायची तर जरूर सोडा, पण डॉक्टरांना सांगून. मावा-तंबाखू चघळण्यानं असं होत नाही, कारण हा निकोटिनचा नव्हे, धुराचा परिणाम आहे. मावा सोडायची कारणं वेगळी आहेत आणि तीही पुरेशी आहेत.

क्लोझापिन चालू असेल तर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजायच्या, नंतर महिन्यातून एकदा. ताप आला, घसा धरला तर त्याच दिवशी रक्त तपासा. सलग दोन दिवस गोळी चुकली तर परत जुना डोस सुरू करू नका, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावा लागतो, आणि ते डॉक्टरच करतील.

गोळी सुटते तेव्हा

कुणी आजारपणात गोळी सोडत नाही, बरं वाटल्यावर सोडतात. पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांचा पाच वर्षं पाठपुरावा केलेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाचातल्या चौघांचा आजार उलटला, आणि औषध बंद केल्यावर धोका जवळपास पाचपट झाला. फसवणारी गोष्ट अशी की गोळी काही दिवसांत अंगातून जाते, पण त्रास कित्येकदा आठवड्यांनी, महिन्यांनी येतो. मधल्या काळात गुंगी उतरते, चेहरा खुलतो, आणि घर म्हणतं, बघा, गोळ्यांनीच बिघडवलं होतं.

तीस गोळ्या म्हणजे दहाच्या तीन पट्ट्या. पट्टीच्या मागं पेननं तारखा घाला. आईनं ‘घेतली का?’ विचारण्यापेक्षा पट्टी बघणं बरं, भांडण होत नाही. एक वेळ चुकली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट नको. जोतिबाची चैत्र यात्रा, लग्नसराई, ऊसतोडीचे दिवस यांत गोळ्या हमखास चुकतात, म्हणून चार दिवसांच्या गोळ्या वेगळ्या पाकिटात, दुसऱ्या माणसाजवळ ठेवा. वारंवार चुकत असेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. ३९ लाच माणसं सामान हलवतात. तशी या घराची इशारा पातळी ठरवा आणि कागदावर लिहा. बहुतेकांत पहिल्यांदा झोप जाते, मग आंघोळ टळते, मोबाईल उलटा ठेवला जातो, जेवण संशयानं वास घेऊन खाल्लं जातं. यातलं काय आधी येतं ते प्रत्येक घराचं वेगळं. मागच्या झटक्याआधीचे पंधरा दिवस आठवून तिघा-चौघांनी मिळून लिहा. सलग दोन-तीन रात्री झोप नाही म्हणजे ३९ फूट. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

गोळी काय करत नाही

आवाज गेले, संशय गेला, पण माणूस उठत नाही, बोलत नाही, मित्रांकडं जात नाही. याला घरात ‘आळशी’, ‘गोळ्यांनी सुस्त केलंय’ म्हणतात. थोडी सुस्ती गोळीची असतेही, आणि ती डॉक्टरांना सांगावी. पण बराचसा भाग आजाराचाच. कपाळामागच्या पाटाला पाणी जास्त नसून कमी पडतं, असं मानलं जातं, आणि दारं बांधून कोरड्या सरीत पाणी येणार नाही. इथं एक काम, ठरलेली वेळ, रोज हा मार्ग आहे. सकाळी डेअरीत दूध घालून येणं, म्हशीला वैरण टाकणं, दुकानाचं शटर उघडणं. पहिले पंधरा दिवस कुणीतरी बरोबर जा, नंतर एकटं जाऊ द्या. चुकलं तर टोचून बोलू नका. सतत टोमणे असलेल्या घरात आजार लवकर उलटतो, हे १९७० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अडचण मोठी आणि लांबलेली असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो. सरकारी रुग्णालयात मोजणी होऊन ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर सवलतींसाठी प्रमाणपत्र उपयोगी पडतं.

उठण्यापूर्वी

‘समजलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. कागद आईच्या हातात द्या आणि म्हणा, “मावशी, आता तुमच्या थोरल्या जावंला हे कसं सांगशीला?” ती ‘डोक्यातलं पाणी वाढलंय’ म्हणाली तर दुरुस्त करा, नाहीतर उद्या कुणीतरी डोक्यातलं पाणी काढायला सुचवेल. ‘गोळीनं पाणी कमी होतंय’ म्हणाली तर परत चित्रावर या. मग शेवटचा प्रश्न विचारा: गोळी बंद केली आणि पंधरा दिवस काहीच झालं नाही, तर काय समजायचं? उत्तर असं यायला हवं: “पाटाला पाणी हायच, दारं मोकळी झाल्यात.” ते आलं की कागदावर पुढची तारीख लिहा आणि तो कागद केसपेपरच्या पिशवीत ठेवायला सांगा.